ध्रुवयानाचा शेवटचा भाग

तुळजाबाई गाडीतून उतरल्या आणि दाराशीच थबकल्या. वडवणीच्या या गल्लीत त्यांनी आजवर पाऊल ठेवले नव्हते. तरी दार पूर्वेला आहे, ओट्याची एक फरशी खचलेली आहे आणि पलीकडे पिठाची गिरणी आहे, हे सारे त्यांना ठाऊक होते. धाकट्या बहिणीने, वनमालाने, ते इतक्या वेळा सांगितले होते की आंधळ्यानेही हे घर शोधून काढले असते.

दारात वनमालाची मुलगी सायली उभी होती. बीडच्या शिकवणीवर्गात ती गणित शिकवत असे. आईच्या आजारपणासाठी रजा काढून आली होती. तिनेच सकाळी तुळजाबाईंना सिरसाळ्याला फोन केला होता.

“मावशी, या ना आत.”

“येते. आधी सांग, ओळखते का माणसं?”

“ओळखती. पण बोलणं…” सायली ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली. “आवाज तसाच हाय, बोलती पण भरपूर. पण त्यात शब्दच न्हाईत, मावशी. डॉक्टर म्हणले, झटक्यानं मेंदूतली तेवढीच जागा गेली. तिला वाटतं, ती नीटच बोलायलीय.”

तुळजाबाईंनी पदर सावरला आणि उंबरा ओलांडला. इतक्या वर्षांचा हट्ट एका पावलात मागे पडला, आणि त्याचा कसलाही आवाज झाला नाही.

हट्टाची कथा अशी. सिरसाळ्याचे सुंदरराव म्हणजे बारमाही पाण्याच्या जमिनीचे मालक आणि पंचक्रोशीतले वजनदार माणूस. तुळजाबाई त्यांची थोरली सून म्हणून आल्या आणि बघता बघता त्या घराचा कणा झाल्या. वनमालाने मात्र आपल्या मनाने लग्न केले, तेही जातीबाहेर. वडवणीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जीवनशी. “त्या घरचं पाणीसुद्धा आपल्याला वर्ज्य,” असा हुकूम सुंदररावांनी काढला. खरे सांगायचे तर हुकूम त्यांच्या तोंडून निघाला इतकेच. त्यांनी तो काढला नसता, तर तुळजाबाईंनी काढला असता.

पण रक्त काही हुकूम मानत नाही. बहिणी भेटत राहिल्या, आणि त्याला निमित्त झाले दूरदर्शनवरच्या एका हिंदी मालिकेचे. तिचे नाव ‘ध्रुवयान’. पृथ्वी सोडून निघालेले एक यान, त्याचा करारी कप्तान, म्हातारा मिस्त्री, आणि सगळ्यांचे हिशेब ठेवणारे एक बोलके यंत्र, असा तो सारा मामला होता. शहाणी माणसे हसत. तुळजाबाई हसल्या नाहीत. चूल, गोठा, गडीमाणसे आणि पाहुणे यांच्या पलीकडे एवढा मोठा काळोख पसरलेला आहे आणि त्यातून कोणी वाट काढीत चालले आहे, हे त्यांना फार भव्य वाटे.

अडचण एकच होती, विजेची. वीज पाळीने येई. एका आठवड्यात सिरसाळ्याकडे संध्याकाळी दिवे लागत, तेव्हा वडवणी अंधारात असे. पुढच्या आठवड्यात उलट. त्यामुळे मालिकेचा एक भाग थोरलीच्या वाट्याला येई आणि पुढचा धाकटीच्या. कोणालाच संपूर्ण गोष्ट ठाऊक नसे. मग पंधरवड्यातून एकदा शेतमालाच्या जीपमधून तुळजाबाई वडवणीच्या आठवडी बाजाराला येत आणि अजमतबीच्या पालात बांगड्या भरायला बसत. शेजारी वनमाला येऊन बसे. बांगड्या भरायला वेळ लागतोच. त्याला कोण काय म्हणणार?

“बोटं ढिली सोडा बाई, फुटंल ना काच,” अजमतबी म्हणे.

“तू तुझं काम कर. हं वने, पुढं?”

“पुढं काय, सगळे यानात चढले. शिडी वर घेतली. अन खाली बघतात, तर सावल्या तिथंच!”

“कुणाच्या?”

“यांच्याच की. माणसं वर आली अन सावल्या खालीच उभ्या. त्या ग्रहाचा गुणच तसा. सावल्या वर बघून हात करायल्यात, आक्का, जशी बारकी लेकरं एसटीकडं बघून करतात तशी.”

“या अल्ला!” अजमतबीच्या हातातली बांगडी थांबली. “सावली टाकून माणूस जाईल कसा?”

“कप्तान म्हणला, परत फिरा. यंत्र म्हणलं, एवढं वजन यानात बसायचं न्हाई.”

“सावलीला कसलं आलंय वजन?”

“तेच तर! कप्तानानं बी हेच इचारलं. यंत्र म्हणलं, सोडून गेल्यावर कळंल.”

तुळजाबाईंच्या अंगावर काटा आला होता. हा प्रसंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो वनमालाच्या भागातला होता. पण ‘ध्रुवयाना’तले सर्वांत आवडते काय, असे कोणी विचारले असते, तर त्यांनी हाच प्रसंग सांगितला असता. वनमालाने सांगताना हात हलवला होता, आणि बाजाराच्या उन्हात तिची स्वतःची सावली अजमतबीच्या पालावर हलली होती.

त्यांची पाळी आली की वनमाला चिडवी. “आक्का सांगती म्हणजे पंचनामा वाचती. अमुक आला, तमुक गेला, सही, शिक्का.”

“जे दिसलं ते सांगते. पदरचं घालायची मला सवय न्हाई.”

अशाच एका पंचनाम्यात त्यांनी तो भाग सांगितला होता. म्हातारा मिस्त्री यानाचे संदेश पकडणारे मोडके शिंग दुरुस्त करायला बाहेर गेला. वादळ आले. कप्तानाने दार लावून घेण्याचा हुकूम दिला, कारण आत इतरांचे जीव होते. यान पुढे गेले. आणि मग, जिथे कोणी असणे शक्य नाही अशा पोकळीत, दारावर थापा ऐकू आल्या. यंत्र म्हणाले, बाहेर कोणी नाही. थापा थांबेनात. कप्तान उठला, दाराजवळ गेला, कडीवर हात ठेवला, आणि भाग संपला.

पुढचा आठवडा वडवणीच्या विजेचा होता. त्यानंतरच्या आठवड्यात सिरसाळ्याला दिवे लागले, तेव्हा त्या वेळेला पडद्यावर दुसराच कार्यक्रम होता. म्हणजे मालिका संपली, आणि शेवट वनमालाने पाहिला. तुळजाबाई त्या बाजाराला जरा लवकरच आल्या.

“दार उघडलं का?”

वनमाला हसली. “घरी ये. तिथं सांगते.”

“वने, थट्टा करू नको.”

“थट्टा न्हाई, आक्का. सगळ्या भागांना मी इथं धुळीत येऊन बसले. शेवटाला तू ये. माझ्या घरी बस, माझ्या हातचा चहा घे, मग सांगते.”

तुळजाबाई उठल्या. एका हातात बांगड्या भरून झाल्या होत्या, दुसरा हात तसाच मोकळा. अजमतबी “बाई, बाई” करीत राहिली.

त्यानंतर बहिणी माहेरच्या लग्नकार्यांत भेटल्या, आईवडिलांच्या दहाव्यांना भेटल्या. गर्दीतून वाट काढीत वनमाला जवळ येई आणि हळूच म्हणे, “शेवट राहिलाय, आक्का.” तुळजाबाई मान वळवीत. पुढे सुंदरराव गेले. आता अडवणारे कोणी उरले नाही, आणि मग तुळजाबाईंना दिसून आले की अडवणारे कोणी नव्हतेच. तरी त्या गेल्या नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ, असेही म्हणाल्या नाहीत. नुसत्या गेल्या नाहीत.

आता वनमाला खाटेवर उशांना टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. आत येणाऱ्या बाईकडे तिने पाहिले आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“लारं बितं, मंगा!” ती म्हणाली. “मंगा रिती, का?”

“हो, आले,” तुळजाबाई म्हणाल्या. दुसरे काय म्हणणार?

जीवन खुर्ची पुढे सरकवून बाजूला उभा राहिला. केस पांढरे झालेला, अंगाने सुकलेला माणूस. तुळजाबाई आजवर त्याच्याशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. आजही त्या सायलीकडे वळून म्हणाल्या, “औषधपाणी वेळेवर होतं का, विचार तुझ्या वडलांना.”

“होतं आक्का,” जीवनने परस्पर उत्तर दिले. “मीच देतो.”

चहा आला. तुळजाबाईंनी तो घेतला. साखर जास्त होती. वनमाला लहानपणापासून तसाच करी, आणि तिची लेकही तसाच करायला शिकली होती. वनमाला कपाकडे टक लावून पाहत होती. शेवटचा घोट संपेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग खाटेवर डावा हात आपटून तिने काहीतरी मागितले. काय, ते कोणालाच कळले नाही.

“दिवसभर असंच चालतं,” सायली म्हणाली. “मावशी, आई तुमच्या त्या ध्रुवयानाचं लई सांगायची. परवा मी फोनवर शोधलं. लोकांनी आपापले आवडते प्रसंग काढून टाकलेत. आईला दाखवले, पण ती बघंना. तुम्ही बघता का?”

तिने फोन पुढे धरला. चित्र पुसट होते. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, हे आता स्पष्ट दिसत होते. शिडी वर गेली. खाली काळ्या कापडाचे काही आकार उभे होते. त्यांतल्या एकानेही हात हलवला नाही. यंत्र दोन शब्द बोलले, आणि संगीत वाजून प्रसंग संपला.

“एवढंच?” तुळजाबाई म्हणाल्या.

“एवढाच हाय.”

“आणि ते हात करणं?”

“ते आईनं घातलं असंल पदरचं,” सायली ओशाळून हसली.

तुळजाबाईंनी बहिणीकडे पाहिले. ती अजून रिकाम्या कपाकडेच पाहत होती. मग त्या कठोर स्वरात म्हणाल्या, “शेवटचा भाग लाव. तिच्या तोंडून ऐकायचा होता. ते आता होणं न्हाई. काय असंल ते एकदा बघून टाकू.”

सायलीने वडिलांकडे पाहिले. जीवन खाली पाहू लागला.

“का गप्प बसलात?” तुळजाबाई पहिल्यांदाच त्याच्याशी बोलल्या. “जीवनराव, मी विचारते.”

“शेवटचा भाग न्हाई, आक्का.”

“फोनवर न्हाई?”

“कुठंच न्हाई. निघालाच न्हाई कधी. मालिका मधीच बंद पाडली. त्या आठवड्याला आमी टीव्ही लावून बसलो, तर गाण्याची मैफल लागली. शेजारच्या पोरांनी शिव्या घातल्या अन उठून गेली. ही मात्र बसून राहिली. अन मग मला म्हणली, आक्काला सांगायचं न्हाई हां. शेवट ऐकायला तरी येईल.”

तुळजाबाईंचा चेहरा ताठ झाला. “म्हणजे इतकी वर्षं मला खेळवलं?”

“खेळवलं न्हाई, आक्का.” जीवनचा आवाज खाली आला. “तुमी आल्यावर सांगायचा म्हणून तिनं शेवट जुळवून ठेवला होता. काम करता करता पुटपुटायची. मी म्हणायचो, मला तरी सांग. तर म्हणायची, आक्काच्या आदी कुणाला न्हाई. परवाच्या दिवाळीला मला म्हणली, आता लई झ्याक जमलाय. तुमच्यासाठीची खुर्ची उन्हात ठेवून पुसली बी होती तिनं. मी म्हणलं, येतेत का त्या? तर म्हणली, यंदा येईल.”

गिरणी सुरू झाली, आणि तिच्या घरघरीने भिंत हलू लागली. सायली उठून खिडकी लावून आली. तुळजाबाई त्या खुर्चीवर बसून होत्या. आयुष्यभर त्यांच्या शब्दासरशी माणसे उठली, बसली, शेते नांगरली गेली, सोयरिकी जमल्या आणि मोडल्या. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती या खोलीतच, हाताच्या अंतरावर, त्या कपाळाच्या आत होती. तिथून ती बाहेर काढण्याचा हुकूम कोणाला देणार?

त्यांनी खुर्ची खाटेला भिडवली.

“वने, मी आले हाय. घरी आले, चहा घेतला. आता सांग. दार उघडलं का त्यानं?”

वनमालाने त्यांच्याकडे पाहिले. किती समजले, कोण जाणे. पण तिने मान ताठ केली, ओठ ओले केले, आणि ती सांगू लागली.

“रिता मंगा लारं,” ती म्हणाली, आणि तिथून आवाज चढत गेला. डावा हात उचलून तिने हवेत हळूच काही ठोकले. मग थांबली, कान दिल्यासारखी, आणि पुन्हा ठोकले. आवाज कुजबुजीवर आला. त्यात भीती होती, मग कोणीतरी कोणाला तरी विनवले, मग कोणीतरी नकार दिला. सगळे चढउतार अचूक, सगळे विराम जागच्या जागी, आणि त्यांत एकही शब्द नाही. एकदा ती स्वतःच हसली. एकदा तिचे डोळे भरले, आणि तिने तुळजाबाईंच्या मनगटाला धरून त्या ठिकाणी जास्त वेळ घेतला, जणू नेमके तेच थोरलीला कळायला हवे होते.

जीवन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सायली पुढे झुकून म्हणाली, “मावशी, तिला थांबवू का? दमती.”

“थांबवू नको,” तुळजाबाई म्हणाल्या.

वनमालाचा हात आता हवेत वर जात होता. कडी उघडत होती, की लागत होती, ते कळत नव्हते. तुळजाबाईंनी विचारले नाही. दर विरामाला त्या मान हलवत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, “हं. मग?”