अंगठ्याचं रीळ

हरिहरचा हट्ट म्हणजे हट्ट! मासे गरवायचे तर बेटकास्टर रिळानेच, असं तो सौदीतल्या जुबैलच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला ऐकवायचा. आमिष फेकलं की गरगरणाऱ्या रिळावर अंगठा टेकवून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, आवरायचा. जरा जास्त दाबला तर फेक तोकडी पडते, कमी दाबला तर सगळा गुंता. त्या अंगठ्याचा त्याला कोण तोरा! अंगठा न लागणाऱ्या स्पिनिंग रिळाला तो पोरांचं खेळणं म्हणे.

हिवाळ्यात शमालचा वारा सुटला, गाडीचं दार धाडकन आपटलं आणि नेमका तोच अंगठा चेंगरला. हाड जुळलं, पण अंगठा बधिर तो बधिरच. मग दर शुक्रवारी तेच. फेक, गुंता, चडफड. शेवटी त्याने जाहीर केलं, "खलास! मुनाफ, सगळं सामान तू घेऊन जा. माझं गरवणं संपलं."

मुनाफ रत्नागिरीचा, त्याच्याच प्लँटवरचा वेल्डर आणि गरवण्यातला सोबती. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर आला खरा, पण सामानाला हात लावेना. स्वतःची स्पिनिंगची काठी पुढे करत म्हणाला, "हरीभाऊ, एकदा ही वापरून बघा. मग नेतो."

"घ्या की हो! काठी काय चावणार आहे?" सोबत आलेली प्रमोदिनी म्हणाली. नवरा दिवसेंदिवस भिंतीकडे बघत बसतो, हे त्या बाईला आता सोसवत नव्हतं.

हरिहरने नाक मुरडत काठी घेतली आणि जुन्या सवयीने रीळ वर करून दांडा उलटा फिरवू लागला. हे रीळ काठीखाली लोंबायचं असतं, हे त्याच्या गावीही नाही!

"अहो इंजिनियर, उलटी धरलीत!" प्रमोदिनी हसून हसून खाली बसली. मग तोही हसला.

काठी सुलटी झाली. आमिष इवलंसं, हलकं, बेटकास्टरने या वाऱ्यात चार हातही गेलं नसतं. हरिहरने तंगूस तर्जनीवर धरला, काठी झटकली आणि बोट सोडलं. तंगूस सुळसुळत लांब गेला. अंगठ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमिष तळाला टेकलं. हरिहरने तंगूस पुन्हा तर्जनीवर घेतला, हळूहळू ओढू लागला. आत्ता वाळू. आत्ता खडक. आत्ता शेवाळ. डोळ्यांना न दिसणारा अख्खा तळ त्याच्या बोटाखालून सरकत होता. अरे देवा, एवढं सगळं खाली असतं?

टक्. मग पुन्हा टक् टक्.

"प्रमोदिनी, बोट ठेव इथे!" तो कुजबुजला. तिने ठेवलं आणि तिच्या अंगावर काटा आला. खाली कुणीतरी जिवंत होतं, आमिष चाखून बघत होतं.

त्याने काठी उचलली. रीळ कर्रकर्र करत तंगूस सोडू लागलं, बारीक तंगूस ताणला पण तुटला नाही. बऱ्याच वेळाने हिरव्या पाण्यातून हमूर मासा वर आला, तपकिरी, ठिपकेदार, भलामोठा जबडा वासलेला. मुनाफने त्याला जाळीत घेतलं.

"अंगठा गेला तर मी हातच मेला समजत होतो गं," हरिहर म्हणाला. त्याला रडू आवरेना.

मग त्याने आपलं लाडकं बेटकास्टर फडक्याने पुसलं आणि मुनाफच्या हातात ठेवलं. "हे ने. याला जिवंत अंगठा लागतो."

"आणि माझी काठी, हरीभाऊ?"

"ती आता मागायची नाही," हरिहर म्हणाला आणि पुन्हा आमिष फेकलं.