वहिनींनी आणलेला बर्फ

"भाऊजी, एकच बाटली द्या. कुणाला कळणारसुद्धा नाही."

वहिनी कंपनीच्या फाटकाशी उभ्या होत्या. हातात थर्मास, त्यात घरून भरून आणलेला बर्फ. आमचा माल बर्फातच हाताळावा लागतो, हे मीच कधीतरी जेवताना फुशारकी मारत सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी कानाआड केलं, वहिनींनी मात्र लक्षात ठेवलं.

मी त्यांना वॉचमनच्या खोलीत बाकावर बसवलं.

मी इथे थंड खोलीत कुप्या भरतो. कायनेज नावाचं एन्झाइम. माणसाचं जनुक किड्यांच्या पेशींत घालून आम्ही ते तयार करतो आणि थेंब थेंब भरून प्रयोगशाळांना पाठवतो.

"वहिनी, ते औषध नाही."

"ह्यांच्या रिपोर्टवर हेच नाव आहे. मी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलंय."

"असणारच. दादाच्या रक्तात जे माजलंय ते हेच. ते कशाने आवरतं, हे बघायला लोक आमच्याकडून नेतात."

"म्हणजे तुम्ही रोग विकता."

"तसंच म्हणा."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही. जेवतो, कुप्या भरतो, घरी जातो. दादाचा नवा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी एन्झाइमचं नाव नीट छापलंय ना, ते पाहिलं. कुप्यांवरची लेबलं तपासायची सवय, दुसरं काय.

"मग आवरणारं औषध?"

"ते दादा घेतच होता. आता लागू पडत नाही. दुसरं अजून सापडलेलं नाही."

"डॉक्टर तसं म्हणाले नाहीत."

"तुमच्यासमोर म्हणाले नसतील."

वहिनी थोडा वेळ थर्मासच्या झाकणाशी चाळा करत बसल्या. मग उठल्या. "चला, तुमच्या कामाचा खोळंबा नको," म्हणाल्या. बर्फ बाहेरच्या झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि बसस्टॉपकडे गेल्या.

संध्याकाळी मी सरळ दादाकडे गेलो. वहिनी स्वयंपाकघरात घासलेली भांडीच पुन्हा घासत होत्या. दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता.

"सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"काय?"

"तुमच्या कुपीने काही होत नाही ते. थर्मास मीच तिला काढून दिला."

"तुला ठाऊक होतं?"

"डॉक्टर सगळं बोललेत माझ्याशी. कधीपासून तिला सांगायला बघतोय. मी तोंड उघडलं की ती ताट वाढायला उठते. म्हटलं, तू सांगशील. तुला कसं कोरडं बोलता येतं."

हे त्याने कौतुकाने म्हटलं. मी मान हलवली.

"रडली का?"

"नाही."

"रडेल. आज इथेच थांब. मला आता उठून तिच्यापर्यंत जाता येत नाही."

आतला नळ बंद झाला. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.