शिल्लक गोळ्या

नागपुरातल्या त्या दवाखान्यात कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या मिळत. एका घरातल्या गोळ्या भलत्याच्याच पोटात गेल्या आणि नवा नियम आला. उरलेल्या गोळ्या परत आणायच्या, सिस्टरने मोजायच्या, मगच नव्या द्यायच्या. नियम चांगला होता, त्यात वाद नाही. पण तो राबवणाऱ्या दीप्ती सिस्टरला रोज लोकांची बोलणी खावी लागत. "आमी का चोर आहो?" असं कोणी ना कोणी सुनवायचंच. सेवा करायला आलेली पोर पोलीस होऊन बसली होती आणि त्याला ती मनापासून विटली होती.

हळूहळू तिचं समजावणं आटलं. एकच वाक्य उरलं, "मोजून घेईन हं, कमी नाही पडली पाहिजे."

त्या दिवशी नरखेडकडच्या तुळसाबाई आल्या. त्यांचे यजमान मारोतराव बाहेर भाड्याच्या गाडीत आडवे होते. बाईंनी पदराची गाठ सोडून मागच्या खेपेला नेलेली गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली.

"पाह्य बाई, एकबी कमी नाही."

दीप्तीने पाकिटं उलटीपालटी करून पाहिली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"आजी, बाबाले गोळी देलीच नाही? काहून?"

"तुमीच तं म्हनलं होतं, कमी नाही पडली पाहिजे. थे रातभर वरडत, दे वं म्हनत. म्या म्हनलं, हिसाब द्या लागते. हातबी नाही लावू देला." बाई शाबासकीची वाट बघत होत्या.

रांग तशीच सोडून, पाणी आणि गोळी घेऊन दीप्ती गाडीकडे धावली. मागे लोकांनी आरडाओरडा केला तो केलाच. मारोतरावांना गोळी देऊन, त्यांचा हात धरून ती गाडीच्या दारातच बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्यांचं कण्हणं थांबलं. त्यांनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

"एवढ्यानं थांबते हे? मंग मले काहून नाही देली वं?"

तुळसाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आजीले काही म्हनू नका, बाबा," दीप्ती म्हणाली. "मीच तसं सांगतलं होतं."

मारोतरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपला हात तिच्या हातातून काढून घेतला.