डबीवरचं नाव

खोलीला कडी होती, ती त्यानेच आतून घातली होती, आणि तरीही काचवाल्याला आपल्याला कुणीतरी कोंडून घातलंय असंच वाटत होतं. एक रेक्झिनचा कोच, एक बेसिन, कोपऱ्यात संडास आणि भिंतीवर धबधब्याचं चित्र. हे चित्र इथे लावायची अक्कल कुणाची होती कोण जाणे. बेसिनच्या कडेला लाल झाकणाची प्लॅस्टिकची डबी होती. डबीवर चिकटवलेल्या कागदावर त्याचं नाव, त्याचं वय, खाली बायकोचं नाव. डबी स्वच्छ होती, कोरडी होती आणि पंचवीस मिनिटं झाली तरी तशीच होती.

भिंतीपलीकडे बायको हिरवा गाऊन घालून टेबलावर बसली होती. आज काय करायचं ते डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांपूर्वीच समजावून सांगितलं होतं. नवऱ्याने वीर्य द्यायचं, ते तासभर यंत्रात धुवायचं आणि बारीक नळीने बायकोच्या गर्भाशयात सोडायचं. नमुना इथेच द्यायचा, घरून आणलेला चालणार नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं होतं. ते ऐकल्यापासून काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याला काचवाला म्हणायचे ते त्याच्या कामामुळे. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तो चौदा वर्षं होता. पाव नंबरचा फरक त्याला बोटाने कळायचा. काचेवर केसाएवढा चरा दिसला तरी तो ती बाजूला काढायचा आणि मालकाला जाऊन सांगायचा, ही माझ्या हातून गेली, दुसरी घेतो. मालक नव्या कामगारांना त्याचं उदाहरण द्यायचा. काचेच्या बाबतीत इतका सरळ असलेला हा माणूस स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र एक नंबरचा लबाड निघाला.

गोष्ट अशी होती की अडीच वर्षांपासून त्याचं वीर्य बाहेरच पडत नव्हतं. बाकी सगळं व्यवस्थित. इच्छा व्हायची, ताठरता यायची, शेवटचा क्षणही यायचा, आणि बाहेर थेंब नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, दमलोय. दुसऱ्यांदा वाटलं, काळजी. पाचव्यांदा वाटलं, संपलं. बायकोने एकदा अंधारातच विचारलं होतं, हे असं का होतंय हल्ली? असतं असं वय वाढलं की, असं त्याने ठोकून दिलं. वय चौतीस. पण तिने विश्वास ठेवला, कारण तोवर तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

कारण त्याच्या मते त्याला ठाऊक होतं. शाळेच्या वसतिगृहात कवायतीचे एक मास्तर होते. रोज सकाळी पोरांना ओळीत उभं करून ते सांगायचे की पुरुषाला जन्माला येतानाच ठरावीक साठा मिळतो, उधळाल तर तिशीतच खडखडाट होईल. मास्तरांना स्वतःला सहा मुलं होती, पण हे विचारायची कुणाची छाती? काचवाल्याने त्या वयात जे सगळी पोरं करतात तेच केलं होतं, आणि आता साठा संपला, अशी त्याची पक्की खात्री होती. संपलेल्या साठ्यावर डॉक्टर काय करणार? म्हणून तो कुणाकडे गेलाच नाही. एवढा मोठा कारागीर, पण इथे त्याचं डोकं मास्तरांनी चौदाव्या वर्षी जिथे ठेवलं होतं तिथेच राहिलं.

मूल होईना म्हणून अकरा महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. त्याचा नमुना कारखान्यामागच्या गल्लीतल्या प्रयोगशाळेत द्यायचा होता. तिथली सवलत अशी की डबी घरून भरून आणली तरी चाले, फक्त तासाच्या आत आणि खिशात, अंगाच्या उबेत. ही सवलत नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. काचवाल्याचा शेजारच्या यंत्रावरचा मित्र म्हणजे पैलवान, अंगाने काडी, म्हणून नाव पैलवान. त्याला तीन मुलं. काचवाल्याने आठवडाभर आढेवेढे घेतले आणि मग एका दुपारी, यंत्रांच्या आवाजात, त्याच्या कानाशी सगळं सांगितलं. पैलवान आधी हसला, मग गंभीर झाला, मग डबी घेऊन कारखान्याच्या संडासात गेला. दहा मिनिटांनी ती डबी काचवाल्याच्या शर्टाच्या आत होती.

रिपोर्ट उत्तम आला. इतका उत्तम की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांच्याकडे बघायलाच नको. काचवाल्याचा जीव भांड्यात पडला. हल्ली कधी येतं, कधी नाही, त्या दिवशी आलं, असं त्याने बायकोला सांगितलं. पण त्या दिवसापासून सगळ्या सुया बायकोकडे वळल्या, आणि हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आधी गोळ्या आल्या, मग पोटात टोचायची इंजेक्शनं, मग गर्भनळ्यांचा एक्सरे. त्या एक्सरेसाठी आत औषध सोडतात. ती मोठ्याने ओरडलेली त्याने बाहेरच्या बाकावर बसून ऐकली होती. घरी आल्यावर त्याची आई म्हणाली, काही बायकांच्या अंगातच नसतं. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि हा तिच्या पायांवर पांघरूण घालून मूग गिळून बसला. त्याला स्वतःची घृणा वाटली. रोज सांगू म्हणायचा आणि रोज ते सांगणं आणखी अवघड होऊन बसायचं. पहिल्या दिवशी एक खोटं कबूल करायचं होतं. आता अकरा महिन्यांचं दुखणं कबूल करायचं होतं.

कालच तो पुन्हा पैलवानाकडे गेला होता. इस्पितळाच्या मागच्या बाजूने खिडकी आहे, डबी तिथून, असं काहीतरी तो बोलायला लागला. पैलवानाने यंत्र बंद केलं.

"तपासणीपुरतं होतं तेव्हा दिलं," तो म्हणाला. "उद्या ते तिच्या पोटात जाणार आहे. मूल माझं होईल, कळतंय का तुला? वहिनींसमोर मी तोंड कसं दाखवू?"

काचवाल्याला ते कळत होतं. कळूनही तो विचारायला गेला होता, याचीच त्याला भीती वाटली.

दारावर तिसऱ्यांदा टकटक झाली. सिस्टरांनी विचारलं, अजून किती वेळ? दोनच मिनिटं, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. मग त्याने डोळे मिटले, धबधब्याकडे पाठ केली आणि बायकोचा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला चेहरा आठवला. शेवटचा क्षण आला. अंग थरथरलं. डबी कोरडीच राहिली. आता दार उघडण्यावाचून काहीही उरलं नव्हतं.

त्याने दार उघडलं आणि रिकामी डबी सिस्टरांच्या हातात दिली. त्या पन्नाशीच्या होत्या, आणि अशा डब्या त्यांनी आयुष्यभर हाताळल्या असाव्यात. त्यांनी ना भुवया उंचावल्या, ना आवाज.

"झालं, पण बाहेर आलं नाही, असं?" त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"कधीपासून?"

"अडीच वर्षं."

"गोळी कुठली चालू आहे?"

गोळी? गोळी कुठलीच नाही, तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, ती एक मुतखड्याची कॅप्सूल आहे, रात्री जेवणानंतर. सिस्टरांनी दुसरी डबी देऊन लघवी करून आणायला सांगितलं आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

मुतखडा अडीच वर्षांपूर्वी झाला होता. दुखण्याने तो जमिनीवर लोळला होता. डॉक्टरांनी महिनाभर कॅप्सूल दिली, खडा पडून गेला. पण ती कळ पुन्हा येईल या धास्तीने याने कॅप्सूल सोडलीच नाही. औषधाच्या दुकानात जुनी पट्टी दाखवली की नवी मिळायची, कुणी काही विचारत नसे.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. बायको गाऊनवर शाल पांघरून आली होती. बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं की ही कॅप्सूल लघवीच्या मार्गाचे स्नायू सैल करते, म्हणून खडा पडतो. पण त्यामुळेच काहींचं वीर्य बाहेर फेकलं जात नाही, कधी ते उलटं मूत्राशयात जातं. नेहमी दिसणारी गोष्ट आहे. पुरुषत्व गेलेलं नाही. साठा तर संपला नाही ना, असं त्याने चाचरत विचारलं. साठाबिठा काही नसतो, बाई म्हणाल्या, वीर्य रोज नवं तयार होतं. लघवी तपासून खात्री करू. कॅप्सूल बंद करा, दोन आठवड्यांत बहुतेक सगळं पूर्ववत होईल.

अडीच वर्षं तो ज्याला आयुष्याची शिक्षा समजत होता ते एका कॅप्सूलचं काम होतं. त्याला हसावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. बायकोने टेबलाखालून त्याचा हात धरला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई फायलीतला एक कागद पाहत थांबल्या. "पण मग हा रिपोर्ट? अकरा महिन्यांपूर्वीचा. तेव्हाही तुम्ही कॅप्सूल घेत होतात."

मग बायकोच बोलली, आणि तावातावाने बोलली. ती एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिच्याही हातून एकदा बदलल्या होत्या, तिने सांगितलं. प्रयोगशाळेवाल्याने डब्यांची अदलाबदल केली असणार, दुसरं काय! मी उद्याच तिथे जाते, त्याला जाब विचारते. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, होऊ शकतं असं.

सुटकेचं दार उघडंच होतं. काचवाल्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा त्याला चांगला सराव होता. प्रयोगशाळेवाल्याने कानांवर हात ठेवले असते, कुणी ऐकलं नसतं, आणि दोन आठवड्यांनी सगळं सुरळीत झालं असतं. तो गप्प बसला. एक क्षण, दोन क्षण.

मग बायको त्याच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "अडीच वर्षं एकट्याने किती घाबरला असाल तुम्ही."

हे मात्र त्याला सोसलं नाही.

"अदलाबदल झाली नाही," तो म्हणाला. "डबी मीच नेली होती. आत पैलवानाचं होतं."

तिचा हात त्याच्या हातात तसाच राहिला. तिला अर्थ लागायला वेळ लागत होता, आणि तो लागताना तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"एक्सरेच्या दिवशी मी ओरडत होते," ती म्हणाली. "तेव्हा बाहेर बसून तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने हात काढून घेतला. शाल नीट केली. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती डॉक्टरीणबाईंकडे वळली आणि शाळेत एखाद्या साहित्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाली, "यांना दोन आठवडे लागतील म्हणालात ना?"

"साधारण," बाई म्हणाल्या.

"मग यांची तारीख लिहा," ती उठत म्हणाली. "माझी लिहू नका. मी येणार की नाही, ते मला ठरवायचंय."