करदोड्यावरचा डाग

संपदाने करदोड्याची नवी कडी पुन्हा एकदा फडक्यावर घासली. काळपट जांभळा डाग काही जाईना. उलट जितकी झिलई चढे, तितका मेला उठून दिसे.

तिचे सासरे, दिनानाथ सोनार, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला होते. आगाशीच्या बाजारातलं दुकान बंद ठेव, असं बजावून गेले होते. पण पाचूबंदरची पुतळाबाई एस.टी.ने आली, नवऱ्याच्या चांदीच्या करदोड्याची कडी तुटली म्हणाली, आणि संपदाने हौसेने काम अंगावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! साडेब्याण्णव टंचाची चांदी, म्हणजे पोटात थोडं तांबं आलंच. तापवण्याआधी टाकणखाराचा लेप द्यायला ती विसरली, वर नको तितकी आच दिली, आणि ते तांबं आतल्या आत काळवंडलं. आता घासून काढावं तर कडीच झिजायची.

पुतळाबाईचा नवरा जयराम नारळी पौर्णिमेनंतर आज पहिल्यांदा बोट काढणार होता. कमरेला असलं काळं बांधून कोणती बायको नवऱ्याला दर्यावर धाडील? आणि त्याचं काही बरंवाईट झालंच तर? संपदाची पाचावर धारण बसली.

तेवढ्यात पुतळाबाई पायरी चढली.

"डाग दिलास का गो?"

ती सांध्याबद्दल विचारत होती. सांधा जोडणं म्हणजे डाग देणंच. पण संपदाला दुसराच डाग ऐकू आला.

"मुद्दाम नाही हो, मावशी! तापवताना पडला. खोट नाही घातली मी, देवाशपथ. नवी कडी करून देते."

पुतळाबाईने करदोडा उजेडात धरला. डागावरून अंगठा फिरवला. संपदाला रडू फुटायचंच बाकी होतं.

"नवी नको," पुतळाबाई म्हणाली. "बंदरावर समद्यांचे करदोडे एकाच घडनीचे. मागं दर्यानं एक मानूस परत दिला. तोंड वळखू येत नव्हतं. दोघी बाया त्याचा करदोडा धरून बसल्या, माझाच घोव म्हनून."

तिने करदोडा पदराच्या टोकाला घट्ट बांधला.

"खाऱ्या पान्यात जाईल का यो डाग?"

संपदाने नुसती मान हलवली. नाही.

"मग बरा हाय," म्हणत पुतळाबाई एस.टी. गाठायला निघाली.