तिसापर्यंत

"सोडू नकोस गं, अकराच झालेत," फोनमधून आवाज आला.

आठबाई जमिनीवर सतरंजी टाकून उताण्या पडल्या होत्या. उजवा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, फोन कानाशेजारी उशीवर. कमरेपासून टाचेपर्यंत कोणी तापलेली तार ओढावी तशी कळ निघत होती.

"तुला काय जातंय अकरा म्हणायला! माझा जीव चाललाय इथं."

"जीव बीव काही जात नाही. माझा गेला होता का? बारा. तेरा. श्वास कोंडलास तर पुन्हा एकपासून मोजीन हं."

तीस झाले. आठबाईंनी पाय हळूच खाली सोडला आणि छताकडे बघत पडून राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या. ही बया मेली तरी कुणाला सवलत द्यायची नाही.

सातबाई आणि आठबाई. खरी नावं हजेरीपटावर होती, पण टेलिफोन एक्स्चेंजात ती कुणी वापरली नाहीत. लांबलचक बोर्डापुढे बायका ओळीनं बसायच्या आणि जिच्या स्टुलाचा जो क्रमांक, तेच तिचं नाव. या दोघी सत्तावीस वर्षं एकमेकींच्या कोपराला कोपर लावून बसल्या. कानाला हेडफोन, हातात जोडणीच्या वायरी, समोर दिवा लागला की लाईन जोडायची. स्टुलं उंच, आठबाई बुटक्या, त्यांचे पाय अख्खी पाळी लोंबकळायचे. "हे दुखणं तिथलंच," असं त्या आता ठासून सांगत. डॉक्टरांना ते तितकंसं पटलं नव्हतं.

"सायटिका आहे. नस दाबली गेलीय," डॉक्टर म्हणाले होते. "पायात ताकद शाबूत आहे, ऑपरेशनचं नाव काढायला नको. पण अंथरूण धरू नका. शेक घ्या, थोडं थोडं चाला, फार वेळ बसू नका. आणि हे व्यायाम घरी करा, रोज."

व्यायामांचा कागद खणात गेला. आठबाई उभ्यानं जेवू लागल्या, उभ्यानं पेपर वाचू लागल्या. लग्न केलं नव्हतं, भावाची मुलं मोठी करण्यात ते राहून गेलं. ती मुलं आता आपापल्या ठिकाणी होती. घरात कण्हलं तरी ऐकायला कोणी नाही, म्हणून कण्हणंही सोडून दिलं. महिन्यातून एकदा सातबाईंकडे जायचं, तेही बंद झालं. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. बसनं दीड तास. इथं दहा मिनिटं बसवत नव्हतं.

"कागद खणात ठेवून पाय बरा होतो होय गं?" सातबाईंनी फोनवर फैलावर घेतलं. "मला झालं होतं तेव्हा मी दीड महिना केलं सगळं. उद्यापासून रोज सकाळी दहाला फोन करते. तू पड. मी मोजते."

मोजण्यात सातबाईंचा हात कुणी धरला नसता. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की गिऱ्हाइकाला सांगायचं असे. बाकीच्या घड्याळाकडे बघत, सातबाई बघत नसत. एकदा साहेबांनी मागे उभं राहून स्टॉपवॉच लावलं. फरक पडला एका सेकंदाचा, आणि सातबाई म्हणाल्या, "तुमचं घड्याळ तपासून घ्या, साहेब."

दोन व्यायामांच्या मधे मग असल्या गप्पा निघत.

"तो दर रविवारचा आठवतो? बायकोला फोन लावायचा, आणि दोघं बोलायचेच नाहीत."

"बोलायचे गं. 'जेवलीस?' 'जेवले.' मग नुसतं गप्प."

"तू ऐकायचीस! ऐकायला बंदी होती."

"लाईन चालू आहे का बघायला नको?"

"आणि त्यांना तू चार चार मिनिटं द्यायचीस."

"घड्याळाकडे लक्ष जायचं नाही माझं," सातबाई साळसूदपणे म्हणाल्या. आठबाईंना इतकं हसू आलं की कमरेतून कळ गेली.

चौथ्या आठवड्यात दुखणं टाचेतून पोटरीत आलं, मग पोटरीतून मांडीत. "वर सरकतंय म्हणजे परतीच्या वाटेला लागलंय," सातबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात एके दिवशी त्या मोजत होत्या. "सोळा, सतरा, अठरा... बारा, तेरा..."

"झोप लागली का तुला?" आठबाई म्हणाल्या.

"का गं?"

"काही नाही. मोज."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सातबाईंनी विचारलं, "आपला कुठला पाय दुखतोय?" आठबाईंनी "उजवा" म्हणून सांगितलं आणि बाकी दिवसभर त्यांना काही सुचलं नाही.

मग एका सकाळी दहा वाजले, सव्वादहा झाले, फोन आला नाही. आठबाईंनी स्वतःच लावला. सातबाईंच्या सुनेनं उचलला.

"आई सकाळपासून फोन घेऊन बसल्यात, मावशी. कुणाला करायचा ते आठवत नाही म्हणतात. हे सुरू होऊन चार महिने झाले. वाढतच जाणार म्हणतात डॉक्टर. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. म्हणाल्या, आधी तिचा पाय बरा होऊ दे."

आठबाईंनी साडी बदलली आणि बस पकडली. दर दोन थांब्यांना त्या उठून दांडा धरून उभ्या राहत.

"आजी, बसा की, जागा आहे," कंडक्टर म्हणाला.

"जागा आहे रे बाबा, बसवत नाही."

दार सातबाईंनीच उघडलं. केस नीट विंचरलेले, साडी चापूनचोपून नेसलेली. त्या पाहुण्यांकडे बघून हसतात तशा हसल्या.

"या ना. कोण हवंय आपल्याला?"

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठबाईंच्या कामी आलं नाही.

"पाय दुखतोय," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. दीड तासात मांडी पेटली होती.

सातबाईंचा चेहरा पालटला. "उजवा ना? अगं बाई, मग उभ्या काय? पडा, पडा खाली." त्यांनी स्वतः चादर अंथरली, टॉवेलची घडी मानेखाली सारली, भिंतीचा आधार घेत शेजारी बसल्या आणि गुडघा बेतानं छातीकडे आणला. तळहात कुठं ठेवायचा हे त्या हाताला पक्कं ठाऊक होतं. मोजणी सुरू झाली. अठरापर्यंत गेली, अडली, बारावर आली. दारात उभ्या सुनेनं तोंड उघडलं, तशी आठबाईंनी पडल्या पडल्या मान हलवली. तीस व्हायला बराच वेळ लागला. आठबाईंनी पाय सोडला नाही.

"महिन्याभरात बऱ्या होतील या," सातबाई उठत सुनेला म्हणाल्या. "चहा टाक. यांना उभ्यानंच दे हो, बसवायचं नाही."

चहा आला. आठबाई खिडकीशी कप घेऊन उभ्या राहिल्या. सुनेनं सातबाईंसाठी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"पाहुण्या उभ्या आणि आपण बसायचं, बरं दिसत नाही ते," असं म्हणत त्या खिडकीपाशी आल्या, आणि कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ उभं राहून बशीत फुंकर घालू लागल्या.