अलीकडे की पलीकडे

सिस्टरांच्या घरमालकाने घर विकायला काढलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये छत्तीस वर्षं उभ्याने नोकरी केलेली बाई. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. नवरा लवकर गेला, मुलं शिकून मोठ्या शहराकडे गेली. शेजारची एकुलती एक मैत्रीण वारली, त्यानंतर तर दिवस मावळायचा तरी तोंडातून शब्द निघालेला नसायचा. गुडघे मात्र बोलायला लागले होते. त्यांनी एका सकाळी आधी मुलाला आणि मग मुलीला फोन करून सांगून टाकलं, "मी तिकडेच येते. कायमची."

दोघंही क्षणभर थांबले आणि दोघंही म्हणाले, "ये ना आई, विचारतेस काय!" ते क्षणभर थांबणं सिस्टरांनी मनावर घेतलं नाही.

मोठ्या शहराच्या कडेला एक कालवा होता आणि कालव्याच्या दोन काठांना दोन उपनगरं. एका काठाला थोरला राहायचा, बस डेपोत वेळापत्रकं आखणारा. दुसऱ्या काठाला धाकटी, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. मध्ये लोखंडी पूल. या घरातून त्या घरात पायी बारा मिनिटं. दोन्हीकडचे लोक स्वतःला अलीकडचे म्हणवत आणि समोरच्यांना पलीकडचे, त्यामुळे नवख्या माणसाने रस्ता विचारला की तो हमखास चुकायचा.

आठ दिवस येऊन घर बघायचं ठरलं. चार दिवस मुलाकडे, चार दिवस मुलीकडे. "कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही मला," सिस्टरांनी आधीच बजावलं होतं. "एक खोली, एक स्वयंपाकघर. फक्त हाक मारली तर कुणीतरी ओ देईल इतक्या अंतरावर."

थोरल्याने आपल्या कामाच्या शिस्तीने यादीच करून ठेवली होती. तीन घरं, आणि तिन्ही पुलापलीकडे, धाकटीच्या उपनगरात.

"अरे, इथे तुझ्या बाजूला काही नाही का?" सिस्टरांनी विचारलं.

"इथे सगळा चढ आहे आई, तुझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही. तिकडे कसं सपाट. दवाखाना हाकेच्या अंतरावर, बसायला बाग. आणि शेवटी मुलगी ती मुलगी. दुखलं-खुपलं तर तीच बघणार ना?"

सिस्टरांना भरून आलं. आईला बहिणीच्या जवळ ठेवायला निघालेला भाऊ लाखात एक, असं त्यांना वाटलं. त्या आनंदात त्यांनी दुसऱ्या दिवशी सुनेचं स्वयंपाकघर आवरलं. सगळे डबे खाली काढले, फळ्या पुसल्या, भांडी घासायचा स्पंज चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला.

"यात किती जंतू असतात कल्पना आहे का तुला?"

"नाही हो आई," सून म्हणाली आणि हसली, पण नुसती ओठांनी. संध्याकाळी तिला मीठ सापडेना.

पाचव्या दिवशी त्या बॅग घेऊन पूल ओलांडून मुलीकडे गेल्या. धाकटीनेही घरं बघून ठेवली होती. दोन. दोन्ही थोरल्याच्या उपनगरात.

"इकडे नको गं आई," ती म्हणाली. "बागेत दिवसभर पोरांचा गोंगाट, दवाखान्यात ही रांग. दादाकडे बाजार खाली उतरलं की हाताशी. आणि तुझं सगळं आयुष्य एकटीने गेलं, आता मुलाच्या सावलीत राहा की."

"पण तिकडे चढ आहे ना?"

"चढ कसला! दादा म्हणाला का असं? पाच पावलांचा उतार आहे."

या खेपेला सिस्टरांना भरून आलं नाही. कुठेतरी खुट्ट झालं. पण जावयाने चहा आणून ठेवला आणि त्यांनी तो विषय गिळला. नातीच्या खोलीतल्या पलंगाखाली मात्र त्यांनी वाकून पाहिलंच, आणि तिथली धूळ बोटावर घेऊन धाकटीला दाखवली.

सातव्या दिवशी धाकटीला दुकानातून सुटी मिळेना, म्हणून घरं दाखवणारी एजंट एकटीच त्यांना घ्यायला आली. जाडजूड, बडबडी, मनाने स्वच्छ बाई. थोरल्याच्या उपनगरातल्या एका जिन्यात दोघी मध्येच थांबल्या. सिस्टर गुडघ्यासाठी आणि एजंट दम खायला.

"एक विचारू का सिस्टर? राग मानू नका," एजंट म्हणाली. "तुम्हाला नक्की कुठे राहायचंय? तुमच्या मुलाने मला निक्षून सांगितलं, फक्त पलीकडची घरं दाखवा, अलीकडचं एकही काढू नका. चार दिवसांनी मुलीचा फोन. तीही म्हणाली, फक्त पलीकडची. मला आधी वाटलं दोघं एकच सांगतायत. मग डोक्यात प्रकाश पडला की त्याचं पलीकडे ते आणि तिचं पलीकडे हे!" ती खळखळून हसली. मग सिस्टरांचा चेहरा तिला दिसला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "म्हणजे... कामाची माणसं आहेत हो दोघंही. धावपळीत असतात."

"असतात," सिस्टर म्हणाल्या. "चला, घर बघू."

त्यांनी घर पाहिलं. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, न्हाणीघराची फरशी निसरडी आहे का ते चपलेने घासून पाहिलं. रुग्णाचं पोट उघडलेलं असताना थिएटरमधली वीज गेली तेव्हाही या बाईने अंधारात अचूक अवजार पुढे केलं होतं. आज खिडकीची कडी लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांनी थोरल्यालाही धाकटीच्या घरी बोलावून घेतलं. एकट्यालाच. जावई नातीला घेऊन बाहेर गेला.

"तुम्ही दोघांनी मला एकमेकांच्या गळ्यात बांधायचं ठरवलं होतं, की दोघांना वेगवेगळं सुचलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

थोरला टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ करू लागला. धाकटी आधी बोलली. "आई, असं काय बोलतेस?"

"एजंटने सांगितलं मला."

मग थोरला म्हणाला, "खरं सांगू? तू चार दिवस राहिलीस आणि बायको चार दिवस स्वतःच्या घरात पाहुणी झाली. तू जवळ राहिलीस तर रोज येणार. रोज एक डबा हलणार."

"मी मदत करत होते."

"तू मदत नाही करत आई, तू तपासणी करतेस," धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तू आलीस की घराचं थिएटर होतं. लहानपणीही तेच. ड्यूटीवरून आलीस की आधी नखं बघायचीस आमची. जवळ नाही घेतलंस, नखं बघितलीस."

"घरात कमावणारी मी एकटी होते!"

"माहीत आहे गं. म्हणून तर कधी बोललो नाही."

सिस्टरांच्या जिभेवर पुष्कळ आलं. दोघांचे गोवर, दोघांच्या फिया, दुहेरी पाळ्या करून सुजलेले पाय. पण त्यातलं काहीही बोलून उपयोग नव्हता. ते सगळं खरं होतं, आणि मुलीने म्हटलं तेही खरं होतं. नखं बघितल्याचं त्यांना आठवत होतं. जवळ घेतल्याचं आठवून पाहिलं. एका तापातलं आठवलं, तेही कपाळावर हात ठेवलेला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अलीकडेही नको आणि पलीकडेही नको. कालव्याच्या टोकाला, बस जिथे वळून परत येते, तिथे ती एजंट म्हणाली एक जागा आहे. मी तीच घेते."

हे बोलून त्या थांबल्या. मुद्दाम थांबल्या. कुणीतरी म्हणेल, 'वेडी आहेस का आई, तिथे एकटी कशी राहशील?' एवढं एक वाक्य कुणीही म्हणालं असतं तरी त्यांनी सगळं पोटात घातलं असतं, वरून माफीही मागितली असती.

"तिथे लिफ्ट आहे का?" थोरल्याने विचारलं.

"आहे."

"मग चांगलं आहे," धाकटी म्हणाली आणि डोळे पुसले. "आणि तुला मोकळं राहायला आवडतंच."

महिन्याभराने सामान आलं. मुलगा, सून, मुलगी, जावई, सगळे झाडून हजर होते, आणि इतकं मनापासून राबले की बघणाऱ्याला हेवा वाटावा. थोरल्याने पडदे लावले, धाकटीने स्टूल धरलं. स्टूल डगमगलं तेव्हा दोघं लहानपणासारखी खिदळली. कित्येक वर्षांत सिस्टरांनी त्यांना असं एकत्र हसताना पाहिलं नव्हतं. त्या खोक्यावर बसून बघत राहिल्या. डोक्यावरून ओझं उतरलं की माणसं कशी हलकी होतात, हे त्यांना आयुष्यभर रुग्णांच्या नातेवाइकांकडे बघून माहीत होतं.

पहिले दोन रविवार मुलं आळीपाळीने आली. तिसऱ्या रविवारी सकाळी थोरल्याचा फोन आला, "आज जमत नाही आई, धाकटी येईल." तासाभराने धाकटीचा आला, "आज दुकान उघडं आहे गं, दादा येणार आहे ना?" सिस्टर म्हणाल्या, "हो, येणार आहे." त्यांनी भरपूर दूध आणून ठेवलं होतं. ते त्यांनी संध्याकाळी विरजलं.

त्या आठवड्यात त्या बसथांब्यासमोरच्या छोट्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होती आणि मदतीला माणूस मिळत नाही म्हणून रडकुंडीला आली होती. सिस्टरांचा अनुभव ऐकून ती उठूनच उभी राहिली.

"तुम्हाला कोणते दिवस सोयीचे पडतील?" तिने विचारलं. "अडचण फक्त रविवारची आहे. घरी माणसं येतात म्हणून रविवारी यायला कुणी तयार होत नाही."

"रविवार मला द्या," सिस्टर म्हणाल्या. "दर रविवारी येईन मी. सकाळपासून."